मीठ कंसाच्या आत

एका गावात आचाऱ्यांचं एक घर होतं. घरात दोन भाऊ, दिगंबर आणि श्रीपाद. पंचक्रोशीत लग्न असो, बारसं असो की नव्या घराची वास्तुशांत, मोठं पातेलं चुलीवर चढलं की त्याच्यापाशी हे दोघे असायचेच. श्रीपाद गोडाधोडाचं बघायचा आणि दिगंबर आमटी करायचा. लोक लग्नाला येतात ते नवरानवरीला बघायला कमी आणि दिगंबरची आमटी ओरपायला जास्त, असं खुद्द नवरीकडचेच म्हणायचे.

पण ढवळून ढवळून दिगंबरचा उजवा खांदा कामातून गेला. गावजेवणाचं पातेलं म्हणजे लहानशी विहीरच, आणि तिच्यात वल्ह्याएवढं उलथणं फिरवायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "आता ढवळणं बंद. नाहीतर हा हात घास उचलण्यापुरताही उरायचा नाही." दिगंबर घरी आला आणि ओसरीवर बसून राहिला. आमटी सोडून त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि यावं असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

दिगंबरची बायको वृंदा. लग्नाआधी ती एका कारखान्यात यंत्रांना कामं शिकवायची. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याला बोलावून घेतलं. काही महिन्यांत दोघांनी मिळून एक यंत्र उभं केलं. मधोमध पातेलं, त्यात फिरणारा पोलादी हात, आणि वर टांगलेले मिठाचे, मसाल्याचे, गुळाचे डबे. हुकूम झाला की डब्याचा तळ उघडायचा आणि माप पातेल्यात पडायचं. विराटाच्या घरी भीम स्वयंपाकी होऊन राहिला तेव्हा त्याने जे नाव घेतलं होतं, तेच या यंत्राला मिळालं : बल्लव.

बल्लव मोठा गुणी होता, पण त्याला अक्कल नव्हती. सांगाल तेवढंच करणार आणि सांगाल तसंच करणार. हे सांगणं कॉम्प्युटरच्या भाषेत, ओळीखाली ओळ असं लिहावं लागतं. त्याला प्रोग्राम म्हणतात.

आता गंमत अशी की, धाकट्या श्रीपादची बायको केतकी हीसुद्धा प्रोग्रामच लिहायची. शहरातल्या एका कंपनीचं काम ती घरी बसून करत असे. एका घरात दोन जावा आणि दोघींची विद्या एकच, भांडायला आणखी काय लागतं? पण खरं सांगायचं तर दोघींचं छान जमायचं. एकमेकींच्या साड्या नेसत, एकमेकींची उणीदुणी झाकत. वाद होता तो एकाच गोष्टीवर, आणि तो मात्र रोज होता.

यंत्राला कामं सांगताना कुठली कामं एका गटातली, हे दाखवावं लागतं. 'उकळी येईपर्यंत अमुक कर' असं म्हटलं, तर त्या 'अमुक'मध्ये कोणत्या ओळी येतात आणि कोणत्या येत नाहीत? वृंदाच्या भाषेत गटाच्या सुरुवातीला एक महिरपी कंस उघडायचा आणि शेवटी मिटायचा. केतकीच्या भाषेत कंस नव्हतेच. गटातल्या ओळी थोडी जागा सोडून आत सरकवायच्या, की झाला गट. बल्लवला दोन्ही भाषा कळायच्या. कळत नव्हतं ते जावांना.

"डब्याला झाकण हवं," वृंदा म्हणायची. "झाकणच नसेल तर आतलं आत राहील कशावरून?"

"माणूस उंबरा ओलांडून आत गेला की दिसतो ना, ताई? त्याने 'मी आत आहे' अशी पाटी कशाला धरायची?"

"दिसतो म्हणे. मोकळ्या जागेवर का कुणी भरवसा ठेवतं?"

असं रोज चाले. भाकऱ्या थापताना चाले, धुणी वाळत घालताना चाले. दिगंबर आणि श्रीपादला यातलं ओ की ठो कळत नसे, पण ज्याने त्याने आपापल्या बायकोची बाजू घेतली होती. घरातली शांतता टिकवायची तर तेवढं करावंच लागतं.

वृंदाचा कंसांवर इतका विश्वास होता, की बाकी मांडणीकडे ती ढुंकून बघत नसे. तिच्या सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटून एकाखाली एक उभ्या असत. कंस आहेत ना, मग यंत्राला कळतं, झालं.

त्या वर्षी गावाने मिळून तळ्यातला गाळ काढला. उन्हाळाभर सगळे खपले, पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं आणि गावजेवण ठरलं. जेवणाची सूत्रं हौसामावशींच्या हाती होती. हौसामावशी म्हणजे गावच्या जिभेचं न्यायालय. त्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं, की ते कमीच असायचं. बल्लवला पाहून त्यांनी नाक मुरडलं.

"ह्येला जीभ कुठं हाय? चव कशी कळायची ह्येला?" त्या म्हणाल्या. "मला मान्सांच्या हातची आमटी पायजे."

"मावशी, ह्यांचा खांदा गेलाय," वृंदा म्हणाली.

मावशींनी दिगंबरच्या खांद्याकडे पाहिलं. "बरं, एकडाव रांधून दाखवा. गावानं बोटं चाटली तर ऱ्हाईल. न्हाईतर ह्ये डबडं भंगारात आन् आमटीला दुसरा आचारी."

दुसरा आचारी हे शब्द वृंदाच्या काळजात रुतले. ढवळायची बंदी असलेल्या माणसाच्या हातून आमटीही गेली, तर तो ओसरीवरून उठणारच नाही, हे तिला ठाऊक होतं. ती मनापासून कामाला लागली. आमटी तिची आणि शिरा केतकीचा, अशी वाटणी झाली.

आदल्या दिवशी घरच्यापुरती थोडी डाळ घालून आमटी करून पाहिली. डाळ चुलीवरून नुकतीच उतरवलेली, गरमागरम होती. बल्लवने एक फेरा ढवळलं, उकळी आली, मीठ पडलं. दिगंबरने चाखून मान डोलावली. वृंदा खूश झाली. केतकी मात्र लॅपटॉपवरचा जावेचा प्रोग्राम बघत उभी होती.

"ताई, मीठ 'उकळी येईपर्यंत'च्या आत आहे की बाहेर? सगळ्या ओळी एका रेषेत आहेत. काही दिसत नाही."

"कंस आहेत ना? बघ की कुठे मिटलाय ते."

"कंसात कंस, त्यात कंस. कुठला कुणाचा ते कळत नाही. मी जरा ओळी आत सरकवून देऊ का? एकदम दिसेल."

"माझ्या ओळींना हात लावायचा नाही," वृंदा म्हणाली. ती हसत हसतच म्हणाली, पण हात लावू दिला नाही हे खरं.

गावजेवणाच्या दिवशी सकाळीच देवळासमोर मांडव भरला. बाया भाज्या चिरत होत्या, पोरं पत्रावळ्या पुसत होती, आणि रिकामटेकडे बल्लवभोवती कोंडाळं करून उभे होते. पहिला मान शिऱ्याचा. केतकीने फोनवरून मेसेजमध्ये आपला प्रोग्राम वृंदाच्या लॅपटॉपवर पाठवला, तिथून तो बल्लवमध्ये घातला आणि बटण दाबलं. बल्लवने एक लांब शिट्टी दिली आणि तो ढिम्म उभा राहिला.

झालं होतं असं, की मेसेजमध्ये ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा गळून गेली होती. आत सरकवलेल्या ओळी सगळ्या बाहेर आल्या होत्या. कोणती ओळ कुणाची हे न कळल्याने बल्लवने कामच नाकारलं.

"धाकट्या सूनबाईंचं यंत्र रुसलं," कोणीतरी म्हणालं, आणि मांडव हसला. वृंदाही हसली. जावेच्या कानाशी जाऊन हळूच म्हणालीसुद्धा, "बघ, तुझी मोकळी जागा वाऱ्याने उडून गेली." केतकीचे कान लाल झाले. तिने खाली मान घालून एकेक ओळ पुन्हा जागच्या जागी सरकवली. मग शिरा मात्र असा झाला, की वासानेच पोरांचं पत्रावळ्या पुसणं थांबलं.

आता आमटी. पातेलं काठापर्यंत भरलं होतं आणि एवढी डाळ तापायला वेळ लागणार होता. बल्लव संथपणे ढवळू लागला. वृंदा जरा निवांत झाली आणि पानं मांडायला गेली. दिगंबर मात्र पातेल्यापासून हलला नाही. हात चालत नसला तरी डोळे चालत होते. थोड्या वेळाने त्याला मिठाचा डबा बराच खाली गेलेला दिसला. त्याने डाव घालून थेंबभर आमटी तळहातावर घेतली, जिभेला लावली आणि धावत जाऊन बटण बंद केलं.

"मीठ," तो म्हणाला. "नुसतं मीठ."

हौसामावशी आल्या. त्यांनी चाखलं आणि पदराने जीभ पुसली.

"सकाळी ह्या धाकटीनंच हात लावला हुता न्हवं ह्येला? तवाच बिघडलं आसंल," मावशी म्हणाल्या. माना डोलल्या. सगळ्यांनी शिट्टी ऐकली होती, सगळ्यांनी केतकीची बोटं यंत्रावर पाहिली होती.

वृंदाने लॅपटॉप उघडला. मिठाची ओळ शोधली. तिच्यावर बोट ठेवून ती खाली गेली, एक कंस मिटलेला दिसला, मग दुसरा, आणि तिचं बोट तिथेच थबकलं. लिहायचं होतं 'उकळी येईपर्यंत ढवळ, आणि मग मीठ घाल.' पण तिच्या प्रोग्राममध्ये असं होतं :

उकळी येईपर्यंत {
ढवळ
मीठ घाल
}

कंस मिठाच्या आधी मिटायला हवा होता, तो मिठाच्या नंतर मिटला होता. म्हणून दर फेऱ्याला ढवळणं आणि दर फेऱ्याला मीठ. काल डाळ गरम होती, पहिल्याच फेऱ्यात उकळी आली, मीठ एकदाच पडलं आणि सगळ्यांना वाटलं, उत्तम आहे. इथे चार ओळींत हे कुणालाही दिसेल. पण वृंदाचा प्रोग्राम असा चार ओळींचा नव्हता. त्यात चिंच होती, मसाला होता, आच कमी-जास्त करणं होतं, आणि सगळ्या ओळी कडेला एका रेषेत उभ्या होत्या.

ही चूक तिच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हती. कंस एक ओळ वर उचलून ठेवला असता, तर कधी कुणाला कळलंही नसतं. गप्प राहिली असती तर बोल केतकीला लागला असता आणि रोजचा वादही कायमचा जिंकला गेला असता. वृंदाच्या मनात हे आलं नाही असं नाही. ती साधी बाई होती, देवी नव्हती.

तेवढ्यात केतकी हळू आवाजात म्हणाली, "असेल मावशी. माझंच काही चुकलं असेल."

ते ऐकून वृंदाला स्वतःचीच लाज वाटली. काल याच मुलीने विचारलं होतं, मीठ आत आहे की बाहेर.

"तिचं काही चुकलं नाही," वृंदा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मीठ मी आत ठेवलं. ती काल सांगत होती, मी ऐकलं नाही."

आत म्हणजे कशाच्या आत, हे मांडवातल्या कुणालाच कळलं नाही. पण मोठी जाऊ चारचौघांत धाकटीची बाजू घेऊन स्वतःची चूक सांगते आहे, हे सगळ्यांना कळलं, आणि ते गावात कुणी याआधी पाहिलं नव्हतं. हौसामावशींनी वृंदाकडे नीट निरखून पाहिलं.

"मग आता काय?" त्यांनी दिगंबरला विचारलं.

दिगंबर आचारी होता. खारट आमटी बघून तो रडत बसला नाही. "नुसतं पाणी वाढवलं तर चव मरेल. बिनमिठाची शिजलेली डाळ हवी. याच्या दुप्पट, आणि लगेच."

"एवढी डाळ लगेच कुठून आणायची?" श्रीपाद म्हणाला.

"घरोघरी कुकर आहेत की, दादा," केतकी दिगंबरला म्हणाली.

पुढच्या क्षणी हौसामावशी देवळाच्या भोंग्यावर होत्या. "ऐका. घरटी एक कुकर तुरीची डाळ लावा. मीठ घालू नका. पुन्यांदा सांगते, मीठ घालू नका."

आणि मग गावात शिट्ट्या सुरू झाल्या. वरच्या आळीत एक, खालच्या आळीत दोन, तळ्याकडून तीन. झाडावरची पाखरं उडाली, कुत्री बावचळली, आणि म्हातारी माणसं ओसरीवर बसून हसायला लागली. असा शिट्ट्यांचा गजर त्या गावाने आजवर ऐकला नव्हता.

शिट्ट्या होत होत्या तोवर वृंदाने लॅपटॉप केतकीच्या मांडीवर ठेवला. "तू ओळी सरकव. मी कंस बघते."

"हात लावू ना, ताई?"

"लाव की. आता का लाजतेस?"

केतकीने एकेक गट आत सरकवायला घेतला. गटातला गट आणखी आत गेला. पानभर ओळींना पायऱ्या पडल्या, आणि कुठली पायरी कुठे संपते ते डोळ्यांना दिसू लागलं. वृंदाने मिठावरचा कंस वेळेवर मिटवला आणि मीठ बाहेर आलं. दोघी खाली उतरत गेल्या. अचानक केतकी थांबली. तिने एका ओळीकडे बोट केलं. मिठानंतरच्या 'पुन्हा उकळी येईपर्यंत'च्या गटात ती ओळही पायरीवर आत उभी होती.

"गूळ," वृंदा म्हणाली.

"गूळही आत," केतकी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींना असं हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी आलं. नुसता मिठाचा कंस उचलून वृंदा गप्प बसली असती, तर गावाने आज आमटीऐवजी काकवी प्यायली असती. लोक बघत होते, यांना झालं तरी काय. खारट आमटीपाशी बसून हसणाऱ्या जावाही त्यांनी आजच पाहिल्या.

तोवर डाळ येऊ लागली. पातेल्यांतून, कळशांतून, एकाने तर कुकरच डोक्यावर घेतला होता. दिगंबर मांडवाच्या तोंडाशी उभा राहून प्रत्येकाची डाळ बोटाने चाखत होता. एका वहिनींना त्याने परत पाठवलं. "वहिनी, मावशींनी दोनदा सांगितलं होतं."

"सवयीनं पडलं हो," वहिनी म्हणाल्या, आणि धावत दुसरा कुकर लावायला गेल्या.

खारट आमटी काढून मोठमोठ्या पातेल्यांत वाटली, प्रत्येकात गावाची डाळ मिसळली, आणि पहिलं पातेलं बल्लवच्या हाताखाली ठेवलं. केतकीने बटण दाबलं. बल्लव ढवळू लागला. सगळा गाव माना वर करून डब्यांकडे बघत होता. फेऱ्यामागून फेरे झाले. मिठाच्या डब्याकडे तर कुणी डोळ्याची पापणी न लवता बघत होतं, जरी तो आता मुद्दाम रिकामा ठेवला होता. उकळी आली. गुळाच्या डब्याचा तळ उघडला, माप पडलं, तळ मिटला. पुन्हा फेरा झाला. डबा मिटलेलाच राहिला. आणखी एक फेरा झाला, तरी मिटलेलाच. तेव्हा गावाने टाळ्या वाजवल्या. डबा उघडला नाही म्हणून टाळ्या पडल्याचं दुसरं उदाहरण निदान आम्हाला तरी माहीत नाही.

पंगत बसली. हौसामावशींनी पहिला भुरका मारला, डोळे मिटले, आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. मावशींनी डोळे उघडले आणि वाटी पुढे केली. "आनखी वाढ."

"मावशी, यंत्राच्या हातची आहे," कोणीतरी खोडी काढली.

"यंत्राच्या हातची कशी? माझी डाळ हाय हिच्यात," मावशी म्हणाल्या. मग काय, जो तो म्हणू लागला, चव आली ती माझ्या कुकरमुळे. मावशींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "डबडं ऱ्हाऊ द्या. फकस्त त्येला सांगताना ह्या दोघींनी मिळून सांगायचं."

जावांचा वाद त्या दिवशी मिटला म्हणाल, तर तसं काही झालं नाही. कंस चांगले की मोकळी जागा, यावर त्या अजूनही भाकऱ्या थापता थापता भांडतात. पण वृंदाच्या ओळी आता पायरीपायरीने आत जातात, आणि केतकी आपला प्रोग्राम कुठेही पाठवला तरी यंत्रात घालण्याआधी जावेसमोर उघडून ठेवते.

दुसऱ्या पंगतीला वृंदाने दिगंबरचा हात धरला आणि त्याला पाटावर बसवलं. आचारी झाल्यापासून गावजेवणात तो कधी पंगतीला बसला नव्हता. पातेलं सोडून कसा बसणार? त्याने मागे वळून पाहिलं. बल्लव ढवळत होता. वृंदाने त्याच्या पानात भात वाढला, भातावर आमटी घातली आणि समोर उभी राहिली. दिगंबरने उजव्या हाताने घास कालवला आणि तोंडात घातला.

"मीठ कसं आहे?" वृंदाने विचारलं.

"बरोबर आहे," तो म्हणाला, आणि दुसरा घास घेतला.

तात्पर्य: कंस घाला की मोकळी जागा सोडा, आपलं लिहिणं यंत्राला कळतं एवढ्यावर समाधान मानू नये. ते शेजारच्या माणसालाही स्पष्ट दिसलं पाहिजे. आणि तो 'मला दिसत नाही' म्हणाला, तर वाद घालण्याआधी त्याचं ऐकावं.